राज्यशास्त्राच्या तासाला नवे प्रयोग करताय? आधी या चुका टाळा

अभिरूप संसद घ्यायची म्हटली की वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला, "सर, पंतप्रधान कोण?" दुसरा, "फेटे बांधायचे का?" आपला तास गॅदरिंगच्या वाटेला लागला, हे तिथंच ओळखायचं.

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. पहिल्या वर्षी संवाद लिहून दिले, हॉल सजवला, माईक भाड्यानं आणला. विरोधी पक्षनेता झालेल्या कागलकडच्या पोरानं टेबल असं बडवलं की वरची काच तडकली. टाळ्याच टाळ्या. वरिष्ठ खूश, फोटो सूचनाफलकावर. आठवड्यानं तोंडी परीक्षेत त्यालाच विचारलं, "अविश्वास ठराव कुठल्या सभागृहात मांडतात?" उत्तर लोकसभा, हा म्हणाला, "राज्यसभेत असंल, सर." त्याचं काय चुकलं? सरकार पडणार हे मीच कागदावर लिहून दिलं होतं. मग डोकं कशाला चालवायचं? काचेचे पैसेही मीच भरले.

तेव्हापासून लिहून देणं बंद. आता विधानसभा घेतो. ४८ जणांचा वर्ग, प्रत्येकाच्या खिशात ६ आमदार, झाले २८८. बहुमताला १४५ लागतात आणि २४ जण जमले की आकडा १४४ वर अडकतो. हा एक आमदार कमी पडणं मला फार उपयोगी पडतं. पक्ष चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळं जिवलग मित्रही समोरासमोर येतात. एका पक्षात मुद्दाम ९ जण ठेवतो, म्हणजे ५४ आमदार. पहिली फेरी १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या मूळ नियमांनी. एक तृतीयांश बाहेर पडले तर ती 'फूट', अपात्रता नाही. गेल्या खेपेला तिघी मुली दहा मिनिटांत उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. दुसरी फेरी २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनंतरच्या नियमांनी. फुटीची सवलत गेली, आता दोन तृतीयांश जणांसह दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं, म्हणजे सहा जण हवेत. त्याच तिघी अर्धा तास जिन्यात चौथा, पाचवा, सहावा शोधत होत्या. पाचवा मिळाला, सहाव्यानं मंत्रिपद मागितलं. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "सर, अपात्र कोण ठरवणार? अध्यक्ष? मग अध्यक्ष कुठल्या पक्षाचा?" पक्षांतरबंदीचे हे नियम ज्यात आहेत त्या संविधानाच्या दहाव्या परिशिष्टावर मी कितीतरी वर्षं व्याख्यानं दिली, हा प्रश्न तोवर एकदाही आला नव्हता.

याला तीन तास लागतात. 'एका लेक्चरमध्ये बसेल असं काहीतरी सांगा' म्हणणारे नवे प्राध्यापक मला दर वर्षी भेटतात. एक कार्यशाळा केलेली असते आणि सोमवारपासून वर्ग बदलायचा असतो. त्यांनी खुशाल खडू-फळा वापरावा. माझी हरकत नाही.

किरकोळ चुका भराभर सांगतो. स्लाइडवर अख्खा परिच्छेद चिकटवून तोच वाचून दाखवणं, हा प्रयोग नव्हे. गटचर्चेत 'लोकशाही: फायदे-तोटे' हा विषय देऊ नका, ते निबंध शाळेतच लिहून झालेत. मोबाईलवरची प्रश्नमंजूषा पाच मिनिटांची असावी. आणि प्रयोगाला गुण ठेवा, नाहीतर मागचा बाक कॅन्टीनला.

दुसरी मोठी चूक ग्रामसभेची. बस भरून पन्नास पोरं न्यायची, सरपंचांनी नारळ द्यायचा, चहा-भडंग, सामूहिक फोटो, परत. करवीर तालुक्यातल्या एका गावात आम्ही असेच गेलो आणि सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मी वैतागलो, पोरांना घेऊन थेट कोल्हापुरात रंकाळा तलावावर आलो. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, यांतलं जे कमी ते. तेवढीही माणसं का आली नाहीत? तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पहिली सभा बुडण्यात कुणाची सोय होती? हे सगळं पारावर विचारता आलं असतं. आम्ही भेळ खात बसलो.

आता मी तिघातिघांना आपापल्या गावी पाठवतो, १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सभेला. वही न्यायची, सत्कार घ्यायचा नाही. दोनच गोष्टी टिपायच्या: किती बायका बोलल्या आणि इतिवृत्त कुणी, कधी लिहिलं. त्याआधी वर्गात ४ नोव्हेंबर १९४८ चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण वाचतो. खेड्याबद्दलचं त्यांचं कडक मत ऐकून पोरं चिडतात. चिडलेली पोरं नीट टिपणं काढतात, हा माझा अनुभव.

आणि आरक्षणाचं प्रकरण कोल्हापुरात बसून मंडल आयोगापासून सुरू करणाऱ्यांपुढं तर मी हात टेकले. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालून रोज कॉलेजला यायचं आणि त्यांचा २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा वाचायचा नाही? तो छोटा आहे, एका पानात मावतो. मी त्याच्या प्रती वाटतो आणि गप्प बसतो. आधी सगळ्यांची नजर मागासवर्गीयांसाठी राखलेल्या ५० टक्के जागांवर जाते. मग कुणीतरी वगळलेल्यांची यादी वाचतं: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग. गेल्या वर्षी एक मुलगी शेवटच्या भागावर अडली. कचेऱ्यांच्या प्रमुखांनी नेमणुकांचा तपशील दर तीन महिन्यांनी सरकारला कळवायचा, असं तिथं आहे.

"सर, हे तपशील आता कुठं बघायला मिळतील?"

तिला पुराभिलेखागाराचा रस्ता सांगितला. सोबत आणखी दोघी गेल्या.