पॉलिशर घेताय? आधी पार्किंगमधला प्लग बघा

गाडी घरीच पॉलिश करायची, तर मशीन वायरचं घ्यावं की बॅटरीचं? याचं उत्तर दुकानात नाही, तुमच्या पार्किंगमध्ये मिळतं. दहा-पंधरा मीटरच्या आत प्लग असेल तर बिनधास्त वायरवालं घ्या. अख्ख्या गाडीवरचे बारीक ओरखडे काढायला तीन-चार तास सहज जातात. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम 90 वॉट-अवर. मशीन 300 वॉट खेचत असेल तर 18 मिनिटांत खेळ खलास, कधीकधी तर बॉनेटही पुरं होत नाही.

वायरचा खरा धोका वेगळाच. ती रंगावर घासते आणि तिला चिकटलेली धूळ नवे ओरखडे पाडते. म्हणून वायर खांद्यावरून पाठीमागे घ्या. एक्स्टेन्शन तीन पिनांची, 1.5 चौरस मिलिमीटरची हवी. रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

बेसमेंटमध्ये प्लगच नसेल, किंवा नुसतं वॅक्स पसरवायचं आणि आरशाखालचे कोपरे करायचे असतील, तर 3 इंची पॅडचं बॅटरीवालं फार सोयीचं. किंमत मात्र दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरूनच काढा. त्याच बॅटरीवर चालणारं ड्रिल घरात असेल तर हिशोब पार बदलतो.

कुठलंही घ्या, पण पॅड गोल फिरता फिरता झुलतंही असं ड्युअल अ‍ॅक्शनच घ्या. नवख्या हातात रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, जरा एका जागी रेंगाळलं की दाराच्या कडेचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेलाच म्हणून समजा.