धरणकाठी घोड्यांसह मुक्काम: या चुका टाळा

मुंबईत रिंगणाच्या मऊ मातीवर तीन-चार वर्षे घोडेस्वारी केली की, सह्याद्रीतील एखाद्या धरणाच्या काठी घोड्यांसह दोन रात्री काढाव्यात असे वाटू लागते, आणि ही इच्छा योग्यच आहे. मात्र आखणी करताना आपण मुंबईकर एक गोष्ट हमखास गृहीत धरतो, ती म्हणजे समोर धरण असल्यामुळे पाण्याची चिंता नाही. माझ्या अनुभवात अशा मुक्कामातील बहुतेक अडचणी याच समजुतीतून उभ्या राहतात. पाण्याचा काठ माणसाला विसाव्याची जागा वाटतो; घोड्यासाठी मात्र ती सर्वांत जपून वावरण्याची जागा आहे.

पहिली चूक जागा ठरवतानाच होते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तर तानसा तलाव अभयारण्याने वेढलेला आहे. हे पिण्याचे पाणी आहे आणि हे संरक्षित वनही आहे, त्यामुळे घर जवळ असले तरी तेथे मुक्कामाचा विचार करू नये. पवना किंवा भंडारदरा परिसरात खासगी जमिनीवर उतरायचे असल्यास जमीनमालकाची लेखी संमती घ्यावी आणि तिच्यात घोड्यांचा, त्यांच्या संख्येसह, स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, कारण तंबूंची परवानगी म्हणजे घोड्यांची परवानगी नव्हे. घोडा वाहनातून नेताना पशुवैद्यकाचा दाखला सोबत असावा लागतो. तो घेतानाच ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीविषयी विचारून घ्यावे. हा रोग माणसालाही होतो.

आता गाळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच बाबतीत सर्वांत जास्त बेफिकिरी दिसते. पावसाळा संपल्यावर धरणाचे पाणी उतरू लागते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत मूळ काठ व पाण्याची कड यांच्यामध्ये मोठा पट्टा उघडा पडतो. वरून हा पट्टा वाळलेला, भेगाळलेला आणि टणक दिसतो, त्यावरून माणूस सहज चालत जातो. पण त्या पापुद्र्याखालचा गाळ अनेक आठवडे ओला राहतो. चारशे किलोंचे वजन चार लहानशा खुरांवर पेलणारा घोडा त्याच जागी पापुद्रा फोडून खाली जातो.

मावळातील एका जलाशयावर आमची घोडी अशीच रुतली. पुढचे पाय गुडघ्यापर्यंत गेले, ती घाबरून उसळली आणि त्या उसळीसरशी पोटापर्यंत खाली बसली. आमच्यापैकी एकाने लगाम धरून ओढायला सुरुवात केली, ती दुसरी चूक झाली. म्हशी घेऊन आलेल्या एका काकांनी आम्हाला थांबवले. त्यांनी आधी तंग (पोटाखालचा पट्टा) सोडून खोगीर उतरवायला लावले, घोडीच्या दोन्ही बाजूंना भाताचा पेंढा आणि फळ्या टाकल्या, आणि एकेका पायाभोवती बादलीने पाणी ओतत गाळ पातळ करत राहिले. पाय चिखलात धरून ठेवणारी ओढ पाण्याने सैल होते, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. मग छातीमागून रुंद पट्टा घेऊन तिला बाजूला, फळ्यांच्या दिशेने आधार दिला आणि घोडी स्वतःच्या बळावर बाहेर आली. रुतलेल्या घोड्याचे डोके, मान किंवा शेपूट कधीही ओढू नये आणि त्याच्या समोर उभे राहू नये. पाण्यावर उतरायचेच असेल, तर गावातील गुरे ज्या वाटेने पाणवठ्यावर जातात तीच वाट धरावी. नसेल तर बादलीने पाणी वर आणावे.

पाण्याचे गणितही आधी मांडावे. मध्यम बांध्याच्या घोड्याला थंडीच्या दिवसांत साधारण २० ते २५ लिटर आणि उन्हातील चालीनंतर त्याच्या दुपटीपर्यंत पाणी लागते. चार घोडे असतील, तर हे सर्व पाणी कोण, कशातून आणि किती खेपांत आणणार हे मुंबईतच ठरवावे. अनेक घोडे अनोळखी वासाचे पाणी तोंडाला लावत नाहीत, म्हणून पागेतील पाण्याचे एक-दोन कॅन सोबत घेऊन सुरुवातीला ते मिसळून द्यावे आणि चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, थोडे मीठ घालावे. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगाच्या साईसारखा तवंग दिसला, तर ते पाणी मुळीच पाजू नये. काही शेवाळवर्गीय जिवाणूंचे विष प्राणघातक असते. घामेजलेल्या घोड्याला पाणी तोडावे ही जुनी समजूत मात्र सोडून द्यावी. त्याला थोडे थोडे पाणी लगेच द्यावे आणि अंगावरही ओतावे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे.

पोटशूळ ही दुसरी मोठी भीती. तेथे गेल्यावर गावात मिळेल तो चारा घेऊ, असे म्हणणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, घोड्याचा चारा एका दिवसात बदलत नाहीत. तो आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा लागतो. चारशे किलोंच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा लागतो, म्हणून नेहमीचे गवत आणि चंदी मोजून सोबत न्यावी. घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला, पायाने माती उकरू लागला, लोळू लागला किंवा त्याने लीद टाकणे थांबवले, तर तोबरा (तोंडाला बांधलेली दाण्याची पिशवी) लगेच काढावा आणि पशुवैद्यकाला बोलवावे. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती साठीच्या पुढे गेली, तर सकाळची वाट पाहू नये. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक आणि त्या जागी फोनला रेंज कोठे मिळते, या दोन्ही गोष्टी पहिल्या संध्याकाळीच माहीत हव्यात.

रात्रीचे ठाण, म्हणजे घोडे बांधण्याची जागा, पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, उंच आणि कोरड्या जमिनीवर असावे. दोन भक्कम झाडांमध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच दोर ताणावा, साल सोलू नये म्हणून झाडाला रुंद पट्टा लावावा आणि दावे इतकेच लांब ठेवावे की, तोंड चाऱ्यापर्यंत पोहोचेल पण पाय त्यात अडकणार नाही. गाठ ओढताच सुटणारी असावी. दोर बांधण्यापूर्वी खाली आणि वर दोन्हीकडे पाहावे. खाली धरणकाठी माजलेली बेशरम, घाणेरी किंवा कोणी लावलेली कण्हेर तोंडाच्या टप्प्यात नको, कारण या वनस्पती विषारी आहेत. वर आग्यामोहोळ नसावे. शेकोटीच्या धुराने ते उठले, तर बांधलेल्या घोड्याला पळताही येत नाही. पावसाळ्यानंतर पाण्याजवळ चावऱ्या गोमाश्या वाढतात आणि त्या सर्रा हा रोग पसरवतात, त्यामुळे परतल्यावर काही आठवडे घोड्याला ताप येतो का, पोटाखाली किंवा पायांना सूज येते का, हे पाहत राहावे.

धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात, सपाट वाळू कितीही मोहक दिसली तरी तंबू ठोकू नये आणि घोडे बांधू नयेत. विसर्ग सुरू झाल्यावर माणूस धावत वर चढेल. दोराला बांधलेले चार घोडे अंधारात सोडवायला मात्र वेळ पुरत नाही.

निघण्याच्या सकाळी लीद पाण्याकडे ढकलून मोकळे होणारेही मी पाहिले आहेत. ते पाणी खालच्या गावांच्या माठांत जाते. लीद गोण्यांत भरून आणावी किंवा जमीनमालकाच्या खताच्या खड्ड्यावर टाकण्याविषयी त्यालाच विचारावे. आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात उतरण्याचे निमंत्रणही दोनदा मिळाले आहे.