जळगावहून बँकॉक: विमानतळ ते मुक्काम

सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडताच "टॅक्सी, टॅक्सी" करत मागे लागणाऱ्यांकडे बघूही नका. पैसे तळघरात, रेल्वे स्थानकाजवळच्या काउंटरवर बदला. वरच्या बँकांपेक्षा भाव बरा मिळतो. तिथूनच रेल्वे शहरातल्या फया थाई स्थानकाला जाते, भाडे 45 बाट. संध्याकाळी रस्ते तुंबतात, तेव्हा हीच बरी.

बॅगा जड असतील तर पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घेऊन मीटरची टॅक्सी करा. मीटर 35 बाटपासून सुरू होतो; त्यावर विमानतळाचा 50 बाट जादा आकार आणि टोल वेगळा. हे माहीत नसले की उतरताना हुज्जत ठरलेली. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, तक्रारीला तीच लागते.

शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांतले 'जे' (เจ, म्हणजे पूर्ण शाकाहारी) शोधावे. नुसत्या भाजीतही माशांचा सॉस असतो. तिखटाचं म्हणाल तर ठेचा खाणाऱ्या खान्देशी माणसालाही तिथली बारकी मिरची घाम फोडते.