शाळेत अभिरूप निवडणूक कशी घ्यावी?

वर्गप्रतिनिधी निवडण्याची पद्धत बहुतेक शाळांत ठरलेली आहे. शिक्षक फळ्यावर दोन-तीन नावे लिहितात, ‘याच्या बाजूने हात वर करा’ असे सांगतात आणि हात मोजतात. त्या वेळी फळ्याकडे न पाहता मुलांकडे पाहावे. निम्मी मुले आपला मित्र काय करतो हे पाहण्यासाठी मागे वळलेली असतात, आणि ज्याच्याबरोबर एका बाकावर बसायचे त्याच्या विरोधात हात वर करण्याची तयारी सहसा कोणाचीच नसते. गुप्त मतदानाची गरज का पडते, हे समजावून सांगायला याहून चांगला धडा नाही. म्हणूनच आमच्या शाळेत आम्ही पहिल्या दिवशी मुद्दाम हात वर करून निवड घेतो, तिचा निकाल फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि मग दहा दिवसांनी खरी मतपेटी ठेवतो.

खाली दिलेली पद्धत तिसरी ते सातवीच्या सव्वाशेच्या आसपास मुलांसाठी आहे. पट मोठा असेल, तर मतदान केंद्रे वाढवावीत. टप्पे तेच राहतात.

पद कोणते असावे

अनेक शाळांत ‘शालेय मंत्रिमंडळा’ची निवडणूक होते आणि मुले थेट मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री यांना मते देतात. उत्साह चांगला असतो, परंतु मुले त्यातून चुकीची गोष्ट शिकतात, कारण आपल्याकडे मुख्यमंत्र्याला मतदार थेट निवडत नाहीत. मतदार आमदार निवडतात, आणि विधानसभेत ज्याच्या पाठीशी बहुमत असते तो मुख्यमंत्री होतो. थेट निवडणूक घ्यायची असेल, तर पदाला ‘शाळेचा सरपंच’ म्हणावे. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद करण्यात आली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली, त्यामुळे गावातल्या मुलांनी हे मतदान घरच्यांच्या तोंडून ऐकलेले असते. मंत्रिमंडळच हवे असेल, तर प्रत्येक वर्गाने दोन प्रतिनिधी निवडावेत आणि त्या प्रतिनिधींनी आपला नेता निवडावा. त्यात वेळ अधिक जातो, पण आमदार आणि मुख्यमंत्री यांतला फरक मुलांना आपोआप कळतो.

पदाला थोडा तरी खरा अधिकार हवा. मैदानाच्या तासाला कोणता खेळ घ्यायचा, वाचनपेटीसाठी कोणती पुस्तके मागवायची, शनिवारच्या परिपाठात काय असावे, असे दोन-तीन निर्णय सरपंचाकडे सोपवावेत. निकाल काहीही लागला तरी तो बदलला जाणार नाही, असा शब्द मुख्याध्यापकांकडून आधीच घ्यावा. वर्गातला सर्वांत खोडकर मुलगा निवडून आला म्हणून ‘आपण दुसऱ्याला करू या’ असे ठरवणारी शाळा मी पाहिली आहे. तिथल्या मुलांना मतदानाविषयी पुढे काही सांगायला गेलो, तर ती नुसती हसतात.

वेळापत्रक आणि अधिकारी

निवडणूक जुलैमध्ये घ्यावी. प्रवेश पूर्ण झालेले असतात आणि निवडून आलेल्यांना काम करायला जवळजवळ पूर्ण वर्ष मिळते. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस आहे (भारत निवडणूक आयोगाची स्थापना १९५० मध्ये याच तारखेला झाली आणि हा दिवस २०११ पासून पाळला जातो), परंतु त्या दिवशी निवडलेल्या सरपंचाला दोनच महिने मिळतात. त्या दिवशी मतदारांची शपथ घ्यावी, निवडणूक नको.

दहा दिवसांचा कार्यक्रम सूचना फलकावर लावावा: पहिल्या दिवशी अधिसूचना आणि प्रारूप मतदार यादी, तिसऱ्या दिवसापर्यंत हरकती, चौथ्या दिवशी नामनिर्देशनपत्रे, पाचव्या दिवशी छाननी, सहाव्या दिवशी माघार आणि चिन्हवाटप, त्यानंतर प्रचार, दहाव्या दिवशी मतदान आणि त्याच दिवशी मोजणी. निवडणूक निर्णय अधिकारी एक शिक्षक असावा. बाकीची सर्व कामे पाचवी ते सातवीच्या मुलांना द्यावीत, मात्र उमेदवाराच्या सख्ख्या भावंडांना ती देऊ नयेत.

मतदार यादी

हा टप्पा शिक्षक हमखास उरकून टाकतात. हजेरीपट समोर असतो, त्यावरून यादी तयार होते आणि काम संपते. माझा आग्रह उलटा आहे: सर्वाधिक शिकवण्यासारखे येथेच आहे. प्रारूप यादी तयार करताना तीन चुका मुद्दाम कराव्यात. एका मुलाचे नाव वगळावे, एकीच्या आडनावात चूक करावी आणि शाळा सोडून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव तसेच ठेवावे. यादी व्हरांड्यात लावून ‘आपापले नाव तपासा’ एवढेच सांगावे. प्रत्यक्ष व्यवहारात नवे नाव घालण्यासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. त्याच क्रमांकांचे चार ओळींचे साधे अर्ज तयार करून ठेवावेत. पहिल्या वर्षी वगळलेल्या मुलाने यादी पाहिलीच नाही. अंतिम यादी लागल्यावर त्याने फार गोंधळ घातला, आणि अखेर आम्ही त्याचे नाव पुरवणी यादीत घेतले. पुढच्या वर्षी यादी लागताच व्हरांड्यात चालायला जागा उरली नाही.

मोठ्या मुलांना याच वेळी सांगावे की मतदानाचे वय पूर्वी २१ होते आणि ६१व्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले. ती दुरुस्ती मार्च १९८९ पासून लागू झाली. ‘मग आम्हाला दहाव्या वर्षी का नाही?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर घाईने देऊ नये, मुलांना आपसांत वाद घालू द्यावा.

अर्ज, चिन्हे, प्रचार

प्रत्येक उमेदवाराने पाच सूचकांच्या, म्हणजे त्याचे नाव सुचवणाऱ्या मुलांच्या, सह्या आणाव्यात. अर्जांची छाननी उघडपणे, उमेदवारांसमोर करावी. चिन्हे घरातली असावीत: कपबशी, पतंग, छत्री, शिट्टी. खऱ्या पक्षाचे चिन्ह, झेंडा किंवा रंग अजिबात येऊ देऊ नये, नाहीतर गावातले राजकारण दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकात येते. दोघांना एकच चिन्ह हवे असल्यास चिठ्ठी काढावी. चिन्हे का लागतात, हे सांगताना १९५१ च्या जनगणनेचा दाखला द्यावा: देशातील साक्षरता तेव्हा सुमारे १८ टक्के होती, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार चिन्ह पाहूनच मत देणार होते. आपल्या आजीला कोणते चिन्ह आठवते, हे मुलांनी घरी विचारून यावे.

प्रचाराला खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी: हाताने रंगवलेली तीन भित्तिपत्रके आणि परिपाठात तीन मिनिटांचे भाषण. चॉकलेट वाटण्याचा प्रकार एकदा तरी होतोच. शिक्षकाने ओरडू नये. मुलांची आचारसंहिता समिती असावी आणि तक्रार तिच्याकडे जावी. लाच देणारा आणि घेणारा दोघेही दोषी असतात, हे समितीच्या लक्षात आले, की प्रकरण रंगते, कारण चॉकलेट समितीतल्या दोघांनीही खाल्लेले असते. मतदान संपण्याआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो, तसा शाळेतही आदल्या दिवशी पूर्ण थांबवावा.

मतदान केंद्र

यंत्र की कागद, हा प्रश्न आता सर्वत्र निघतो, कारण मोबाइलवर मतदान यंत्रासारखी चालणारी ॲप सहज मिळतात. नववीच्या पुढे ती जरूर वापरावीत. लहान मुलांसाठी मी कागदाच्याच बाजूने आहे, कारण स्वतः पेटीत टाकलेला कागद संध्याकाळी सर्वांदेखत बाहेर पडताना मूल पाहते. ॲप वापरायचेच असेल, तर खऱ्या केंद्रावर होते तसे सुरुवातीला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यावे. तिथे किमान ५० मते टाकून, त्यांचा मेळ घालून, यंत्र पुन्हा शून्यावर आणले जाते. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, हेही मुलांना सांगावे.

मतपत्रिका यादीतील नावांपेक्षा दहा जास्त छापाव्यात, त्यांवर आणि त्यांच्या स्थळप्रतींवर (फाडून दिल्यावर आपल्याकडे राहणाऱ्या तुकड्यांवर) अनुक्रमांक असावा आणि शेवटचा रकाना ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) असा असावा. हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आला. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही, मात्र महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम केला की सर्वाधिक मते ‘नोटा’ला पडली, तर फेरनिवडणूक घ्यावी. आपल्या निवडणुकीसाठीही हाच नियम आधी जाहीर करावा.

खोलीत एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने बाहेर अशी व्यवस्था असावी. एकच दार असल्यास मध्ये दोरी बांधावी. पहिल्या टेबलावरील मतदान अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घेता येते. दुसरा नोंदवहीत सही घेतो आणि डाव्या तर्जनीला शाई लावतो. तिसरा मतपत्रिका आणि शिक्का देतो. केंद्राध्यक्ष पेटी सर्वांना उलटी करून दाखवतो आणि मगच तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून प्रतिनिधींच्या सह्या घेतो. मतदान कक्षासाठी मोठे खोके तीन बाजूंनी उभे करावे. पहिल्या वर्षी आमचे खोके खिडकीसमोर होते आणि अर्धी चौथी बाहेरून निकाल सांगत होती.

खऱ्या निवडणुकीतली शाई १९६२ पासून म्हैसूरची कंपनी बनवते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते, त्यामुळे शाळेने तसले काही आणण्याच्या भानगडीत पडू नये. न पुसणारा मार्कर पुरतो. एका वर्षी आम्ही साधे स्केचपेन वापरले. मधल्या सुट्टीत नळावर बोट घासून एक मुलगा पुन्हा रांगेत आला. शाई गेली होती, पण नोंदवहीतली त्याची सही तशीच होती, आणि सातवीच्या अधिकाऱ्याने ती त्याला बोट ठेवून दाखवली. एकाच कामासाठी दोन नोंदी का ठेवतात, हे मला त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नाही.

मतपत्रिकेची घडी आधी उभी आणि मग आडवी घालायला शिकवावे. उमेदवारांची नावे एकाखाली एक असतात, म्हणून उभ्या घडीत शिक्क्याची ओली शाई उमटलीच, तर त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटते. ज्या मुलाला दिसत नाही किंवा शिक्का धरता येत नाही, त्याला आपल्या पसंतीचा सोबती आत नेऊ द्यावा. शिक्षकाने सोबती होऊ नये. एका मतदाराला साधारण एक मिनिट लागतो. शंभरावर मुले असल्यास दोन कक्ष ठेवावेत.

मोजणी

मोजणी त्याच दुपारी, सर्वांसमोर, फरशीवर सतरंजी अंथरून करावी. आधी मते मोजू नयेत, कागद मोजावेत. मागच्या वेळी आमच्या यादीत ११८ नावे होती, १११ मुलांनी मतपत्रिका घेतल्या आणि पेटीतून ११० निघाल्या. अर्धा तास शोध चालला. मग तिसरीतल्या एका मुलाने खिशातून घडी काढली. पतंगाचे चित्र आवडले म्हणून त्याने ती घरी न्यायला ठेवली होती. ती रद्द म्हणून नोंदवली आणि हिशेब जुळल्यावरच गठ्ठे सुटले.

बाद मतांवर वेळ द्यावा, शिक्षकाने निकाल पटकन देऊ नये. कोरा कागद बाद, दोन उमेदवारांपुढे शिक्के असतील तर बाद. एकाच उमेदवारापुढे दोन शिक्के असतील, तर मतदाराचा कल स्पष्ट असल्याने मत वैध. एका मतपत्रिकेवर शिक्क्याखाली सुंदर अक्षरांत स्वतःचे नाव लिहिलेले होते. तिचा उमेदवार वाद घालू लागला की मत तर स्पष्ट आहे. ओळख पटेल अशी खूण असली, की मत बाद होते, कारण मत विकणाऱ्याला पुरावा म्हणून तशीच खूण लागते. हे कळायला मुलांना दहा मिनिटे लागली.

निकाल असा होता: कपबशी ४६, पतंग ३९, छत्री १७, शिट्टी ३, नोटा २, बाद ३. अनामत रक्कम वाचवायला उमेदवारांच्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते लागतात आणि नोटा त्यात धरत नाहीत. १०५ भागिले ६, म्हणजे साडेसतरा. छत्रीची अनामत अर्ध्या मताने गेली असती. हे गणित पाचवीने फळ्यावर केले. समान मते पडल्यास चिठ्ठी काढावी. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच चिठ्ठीने लागला होता.

शिट्टीच्या उमेदवाराला पाच सूचक होते आणि मते तीन. ती सहावीतली मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘सर, स्वतःचं एक धरलं तर तिघींनी मला दिलंच नाही. कोण त्या?’ मी सांगितले की ते मलाही कळू शकत नाही आणि विचारायचा अधिकार आपल्या दोघांनाही नाही. ती रडली. कमी मते मिळालेल्या मुलांशी शिक्षकाने त्याच दिवशी स्वतंत्रपणे बोलावे, पण आकडे लपवू नयेत.

निकालाविरुद्ध तक्रारीसाठी एक दिवस द्यावा. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत न्यायालयात जाण्यासाठी ४५ दिवस असतात. तक्रार न आल्यास स्थळप्रती आणि मतपत्रिका दोन्ही मुलांसमोर फाडाव्यात. अनुक्रमांक जुळवून कोणाचे मत कोणाला गेले हे शोधता येते, आणि ती उत्सुकता मुलांपेक्षा शिक्षकांनाच अधिक असते. त्यानंतर पहिल्या दिवशीचा, फळ्याच्या कोपऱ्यातला हात वर केलेला निकाल पुसण्याआधी मुलांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी वहीत उतरवून घ्यायला सांगावेत.