कवळीवरची बुरशी घालवायची तर कवळी निर्जंतुक कशी करावी

कवळीचे दात पांढरेशुभ्र दिसतात म्हणून ती स्वच्छ आहे असे समजू नका. बुरशी वाढते ती टाळूला आणि हिरड्यांना टेकणाऱ्या आतल्या बाजूला. कवळीचे अ‍ॅक्रिलिक (एक प्रकारचे प्लास्टिक) वरून गुळगुळीत वाटले तरी त्यात बारीक छिद्रे आणि ओरखडे असतात. कॅन्डिडा ही बुरशी त्यांत चिकटते आणि जीवाणूंसोबत बुळबुळीत थर धरते. या थराखाली द्रावण नीट पोचत नाही, म्हणून न घासता कवळी नुसती बुडवून ठेवली तर वरवरची बुरशी मरते आणि आतली पुन्हा वाढते.

सुरुवात करण्याआधी कवळी कशाची आहे ते पाहा. संपूर्ण अ‍ॅक्रिलिकची असेल तर खाली दिलेले ब्लीचचे द्रावण चालते. धातूचा सांगाडा, धातूचे आकडे किंवा आतून मऊ अस्तर असेल तर ब्लीच वापरू नका. धातू काळवंडतो आणि गंजतो, अस्तर खराब होते.

१. घासणे (रोज)

बेसिनमध्ये पाणी भरा किंवा तळाला जाड टॉवेल अंथरा. ओल्या हातातून निसटलेली कवळी बहुतेक वेळा इथेच तडकते. खालची कवळी मुठीत दाबून धरू नका, ती मधोमध मोडू शकते. चिकटवायची क्रीम वापरत असाल तर ती आधी पूर्ण काढा. मग कवळीचा ब्रश आणि सौम्य द्रवसाबण घेऊन आतली बाजू घासा. टाळूच्या भागातल्या बारीक सुरकुत्या आणि कडेच्या खाचा यांत ब्रशचे केस पोचले पाहिजेत. बोट फिरवून पाहा. कुठे बुळबुळीत लागले तर तिथे पुन्हा घासा. टूथपेस्ट नको, कारण तिच्यातल्या कणांमुळे नवे ओरखडे पडतात आणि बुरशीला आणखी जागा मिळते.

२. द्रावणात बुडवणे (आठवड्यातून एकदा)

साधे, वास न घातलेले, सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले ब्लीच घ्या. टक्केवारी बाटलीवर छापलेली असते, ती वाचल्याशिवाय मोजमाप करू नका. १८० मिली साध्या पाण्यात २० मिली ब्लीच, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे, मिसळले की सुमारे ०.५ टक्क्याचे द्रावण होते. कवळी पूर्ण बुडेल असे प्लास्टिकचे किंवा काचेचे भांडे घ्या आणि १० मिनिटांचे घड्याळ लावा. जास्त वेळ ठेवल्याने बुरशी जास्त मरेल हा समज चुकीचा आहे. गुलाबी रंग मात्र फिका पडतो आणि अ‍ॅक्रिलिक खराब होते. द्रावण दरवेळी ताजे करा, उरलेले फेकून द्या.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, आम्लयुक्त क्लीनर, अमोनिया किंवा कवळी साफ करायची गोळी कधीही मिसळू नका. आम्लामुळे क्लोरीन आणि अमोनियामुळे क्लोरामाइन असे विषारी वायू तयार होतात.

धातू असलेल्या कवळीसाठी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे द्रावण किंवा त्या प्रकारच्या कवळीला चालणारी फेसाळणारी गोळी वापरतात. त्यातले तुमच्या कवळीला काय योग्य, हे दंतवैद्याला विचारून ठरवा. क्लोरहेक्सिडिनने कवळीवर तपकिरी डाग पडू शकतात. गोळी पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या पाण्यात आणि लिहिलेल्या वेळेपुरतीच वापरावी, आणि कवळी तोंडात असताना तर मुळीच नाही.

उकळत्या पाण्याचा मोह टाळा. त्याने कवळीचा आकार बिघडतो, मग ती सैल बसते, घासते, आणि घासून सोललेल्या जागी बुरशी आणखी सहज वाढते.

३. धुणे आणि ठेवणे

वाहत्या पाण्याखाली कवळी खळखळून धुवा आणि ब्लीचचा वास जाईपर्यंत थांबू नका. रात्री साध्या पाण्यात ठेवा, हे पाणी रोज बदला. डबीही रोज साबणाने घासून वाळवा. तिच्या कोपऱ्यात जमलेला थर स्वच्छ कवळीला पुन्हा बुरशी लावतो.

४. तोंडाकडेही पाहा

कवळी काढल्यावर टाळू, हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने हलकेच पुसा. झोपताना कवळी काढून ठेवणे हे आम्ही सगळ्यात महत्त्वाचे मानतो. रात्रभर झाकलेल्या टाळूला लाळ मिळत नाही आणि बुरशीला उबदार, बंद जागा मिळते. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी गुळण्या कराव्यात. मधुमेह, कोरडे तोंड किंवा नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स असेल तर बुरशीचा धोका वाढतो.

टाळूवर कवळीच्या आकाराची लाली दिसली किंवा ओठांचे कोपरे फाटत असतील तर दंतवैद्याकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका, ही लाली बऱ्याचदा दुखत नाही. बुरशीचे औषध सुरू झाले तरी कवळीची सफाई थांबवू नका, नाहीतर बऱ्या झालेल्या तोंडाला तीच कवळी पुन्हा बुरशी देते. रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा, कारण मायकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल ही बुरशीची औषधे तिचा परिणाम वाढवतात.

कवळी सैल झाली असेल, तिला तडा गेला असेल किंवा खूप घासूनही वास येत असेल, तर द्रावणाने काम भागणार नाही. ती दुरुस्त करावी लागते किंवा नवी घ्यावी लागते.