ट्रेलर बघून पिक्चरचं भविष्य कसं सांगायचं

पहिलं काम म्हणजे ट्रेलर दोनदा बघायचा, एकदा आवाजासकट आणि एकदा म्यूट करून, कारण धडाधड म्युझिक काढलं की हिरो नुसता स्लो मोशनमध्ये चालतोय हे लगेच कळतं बे. हिरोईन किती वेळा पूर्ण वाक्य बोलली ते मोजा, एकदाही नाही म्हणजे ती गाण्यापुरतीच. गाव दाखवलंय तर भाषा नीट ऐका! आपल्या करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे, त्यांच्या पिक्चरमधली माणसं आपल्यासारखी बोलतात, उगाच ओढूनताणून आणलेलं सोलापुरी दोन सेकंदात उघडं पडतं. मग मत वहीत लिहायचं, "शेंगा चटणीत शेंगाच नाहीत, नुसतं तिखट" असं, आणि सोलापुरातल्या भागवत थिएटरला पिक्चर बघून आल्यावर ताडून बघायचं, चुकलं तर सरळ मान्य करायचं.