कोठ्यातले उंदीर: लाल उजेड आणि छऱ्याची बंदूक

काटोल तालुक्यात आमचं वावर आहे. सोयाबीन निघालं की धुऱ्यावरचे उंदीर थेट गुरांच्या कोठ्यात, ढेपेच्या (पेंडीच्या) पोत्यांवर येतात. जनावरांच्या खाण्याजवळ मला विष नको होतं. शिवाय चिंचेवरचं गव्हाणी घुबड विष खाल्लेला उंदीर उचलेल, ही भीती होतीच. आणि झिंक फॉस्फाईड हे उंदराचं विष थोडं चाखून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला सहसा तोंडही लावत नाही.

म्हणून एअर रायफल घेतली. ०.१७७ इंच बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची), छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आतली. तिला परवाना लागत नाही.

उंदराला लाल उजेड नीट दिसत नाही, तेव्हा टॉर्चवर लाल जिलेटीन बांधलं. उंदीर मोकळ्यातून क्वचितच जातो, रोज भिंतीची तीच कड धरतो. जिथे तेलकट काळे डाग आणि ताज्या लेंड्या दिसतात, तिथे चिमूटभर शेंगदाण्याचा कूट ठेवायचा आणि हलायचं नाही. तो खायला थांबला की नेम डोक्यावरच. तसा नेम मिळत नसेल तर सोडून द्यावा. जखमी जीव बिळात तडफडत मरतो, ते मला सहन होत नाही.

मागे मातीची भिंत किंवा वाळूची पोती हवीच, टिनावरून छर्रा उलटतो. बैल आधी बाहेर बांधायचे, पोरं घरात.

मेलेले उंदीर हातमोजे घालून खोल पुरतो. लेप्टोचा, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो, आणि शिशाचा छर्रा घुबडाच्या पोटात जायला नको.

मादी साधारण तीन आठवड्यांत पुन्हा विते. त्यामुळे ढेप आता भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचतो. यंदा बारदाना शाबूत आहे.